चेहऱ्याचा उपास

माझं अक्षर किरटं आहे आणि चौथीनंतर शाळा सुटल्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, तेवढं माफ करावं. पण बाटल्यांची भांडणं मिटवणारी आमच्या समोरच्या काकूंसारखी बाई मुकुंदवाडीतच काय, अख्ख्या संभाजीनगरात नसेल.

काकूंचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं. माझ्या गालांवर वांग होते, म्हणून त्यांच्याकडं पोळ्या करायला मी पदर ओढूनच जायची. एकदा त्यांनी तो बाजूला केला. म्हणाल्या, "शांता, हे कमी होतील. मग आपण दोघी फोटो काढू." लग्नानंतर माझा एकही फोटो नव्हता. त्यांनी वांगांवर रात्री लावायच्या दोन बाटल्या दिल्या, एक रेटिनॉलची, एक ॲसिडची. नावं इंग्रजीत, म्हणून रेटिनॉलच्या गळ्यात लाल दोरा, ॲसिडच्या पिवळा. "ॲसिड? फरशीचं?" मी घाबरले. "तोंडाचं गं! पण या दोघी भांडकुदळ जावा. एका रात्री दोघींना तोंडावर बसवायचं नाही." त्यांच्या स्वतःच्या घरातही एक बाटली देवघराशेजारी आणि दुसरी पार न्हाणीत असायची. वाटेत गाठ पडायला नको! माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी त्यांनी टिंबं दिली. मंगळवारी लाल, शुक्रवारी पिवळं. सोमवारी आणि गुरुवारी माझा उपास, म्हणून चेहऱ्याचाही उपास, नुसतं साधं क्रीम. सनस्क्रीन मात्र उपासालाही चालतं, हा त्यांचा शास्त्रार्थ.

मग काकूंचं मुलाकडं पुण्याला कायमचं जायचं ठरलं. त्याआधी वांग जाऊन फोटो व्हावा म्हणून मी तीन रात्री दोन्ही बाटल्या एकावर एक लावल्या. चौथ्या दिवशी तोंड लालभडक, सालं निघालेली, पाणी लागलं तरी आग. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दोघींना एका खोलीत कोंडलंस, व्हय? आता सगळ्यांचाच उपास!" टेम्पो दारात आला तेव्हा त्या म्हणाल्या, "चल, आहे तसाच काढू फोटो." मी पदर ओढला. "असं नाय काकू." त्या गेल्या.

चेहरा बरा व्हायला महिना लागला. पुढं वांगही फिकट झाले. परवा शेजारच्या पोरीकडून फोटो काढून घेतला, पदर खांद्यावर ठेवून, काकूंच्या बंद दारापुढं. त्यांना पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान! सनस्क्रीन लावलं होतंस ना? आणि शेजारी एवढी जागा कशाला सोडलीस?"

सनस्क्रीन लावलं होतं, एवढंच मी कळवलं.