दोरीवरच्या पिशव्या

भोसरीत मासे विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या प्रत्येक माशाचा कल्ला अंगठ्याने उचलून दाखवायच्या आणि प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या.

चाकणच्या आमच्या कंपनीत मासा ताजा ठेवणारी, मातीत कुजणारी पॅकिंगची पातळ फिल्म बनते. तिच्या दहा पिशव्या मी त्यांना वापरून बघायला दिल्या.

आठवड्याने त्या म्हणाल्या, "मासा झ्याक राहिला. पिशवी गरम पाण्यात धुतली, तर लगदा झाला."

"मावशी, ती धुवायची नसते. एकदा वापरून फेकायची."

त्यांनी दोरीकडे पाहिलं. "ह्या दोन वर्षं चालल्यात. आता फेकायला शिकू व्हय?"

कंपनीच्या रिपोर्टमध्ये मी 'मासा ताजा राहिला' एवढंच लिहिलं. त्या दिवशीचे बांगडे त्यांनी दोरीवरच्या पिशवीत दिले होते. ती मी धुऊन परत केली.