अँबॅसिडरच्या मागच्या सीटखाली

किस्से कसे साठतात म्हणाल, तर लूमच्या पंख्यावर तूस साठतं तसे. रोज बघावं तर काही दिसत नाही, आणि एक दिवस फडकं मारावं तर उशी भरेल एवढा कापूस निघतो. आमच्या शेजारच्या गाडीवाल्यांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आमचे हे म्हणतात, "तुला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवयच आहे." आता ज्यांच्या घराला चारी बाजूंनी काचा, तिथं डोकवायला कशाला लागतं? नळावर जाताना मान वळवली तरी पुरे!

ही नव्वदच्या आधीची दोन-तीन वर्षं. आम्ही भिवंडीत नारपोलीला राहायचो. आमच्या चाळीला लागूनच हाजीसाहेबांच्या लूमचं कंपाउंड होतं. त्या कंपाउंडात एक जुनी अँबॅसिडर उभी असायची आणि त्या अँबॅसिडरमध्ये दादू गायकवाड आणि त्याची बायको सुमन राहायची. राहायची म्हणजे झोपणं, उठणं, कपडे, भांडी, सगळा संसार त्यात.

एक दिवस सकाळी नळावर नंबर लावून उभी होते. पुढं बिल्कीस होती, आमच्या वरच्या मजल्यावरची. ती मागं वळून हळूच म्हणाली, "काकी, त्या गाडीच्या मागच्या सीटखाली त्यांनी जे लपवलंय ना, मी काल सोता बघितलं. हाजीसाहेबांना कळलं तर त्यांना…"

तेवढ्यात नळाला पाणी आलं! बिल्कीसचा हंडा पुढं, बिल्कीस हंड्यामागं, आणि गोष्ट राहिली तिथंच. मी घरी आले ती अर्ध्या पोटी जेवणावरून उठल्यासारखी. दुपारपर्यंत आळीनं बाकीची अर्धी गोष्ट स्वतःच तयार केली. कोणी म्हणे पेट्रोलचे कॅन, कोणी म्हणे गॅसचा सिलिंडर. संध्याकाळी एकाचे दोन सिलिंडर झाले.

पण ते शेवटी सांगते. आधी ही माणसं कळायला हवीत.

* * *

दादूची खोली नारपोलीतच होती. मालकानं "नवी बांधून देतो" म्हणून पाडली आणि मग बांधायचं विसरला. दादूकडं गाडी होती, ठाण्याहून वज्रेश्वरीला गरम कुंडावर पॅसेंजर न्यायचा. खोली गेली, गाडी राहिली. मग नवरा-बायको गाडीत.

हाजीसाहेबांनी कंपाउंडात जागा दिली, पण शर्त घातली. कारण भिंतीपलीकडं सुताचं गोडाऊन. ते म्हणाले, "दादू, आमच्याकडं हवेतपण कापूस उडतो. गाडीत एक ठिणगी पडली, त्याच दिवशी गाडी बाहेर. मग माझ्याकडं रडत यायचं नाय."

सुमननं तेव्हाच धीर करून विचारलं होतं, "हाजीसाहेब, गेटजवळची वॉचमनची खोली रिकामीच आहे…"

"रिकामी कुठं? सुताचे बॉबिन ठेवलेत तिच्यात. ते कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर?"

विषय संपला. नारपोलीत दुसरी कुठली जागा त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून ही शर्त दादूनं छातीशी बांधून घेतली. ही जागा सुटली असती तर गाडी रस्त्यावर आणि रस्त्यावर बाईमाणसानं राहायचं कसं?

* * *

पहिल्याच आठवड्यात मी बघितलं, दादू कंपाउंडाच्या पार टोकाला, विहिरीजवळ, सावलीत खड्डा खणतोय. मग त्यात काहीतरी ठेवलं, वर फळी टाकली, फळीवर ओलं गोणपाट. इकडंतिकडं बघून हात झटकले.

मला कुठं राहवणार? गेले तिथं.

"काय हो दादू, काय पुरलंत?"

"रॉकेल."

"पुरलं कशाला? उगवणार आहे काय?"

"वैनी, गाडीची डिकी उन्हात तव्यासारखी तापते. त्यात रॉकेलचा डबा ठेवला, तर रॉकेल नाही उगवणार, आम्ही उगवू. त्या गोडाऊनच्या पत्र्यावर!"

त्याचा नियमच होता. रॉकेलचा डबा गाडीत कधीच नाही. डब्याचं झाकण घट्ट, नरसाळं वेगळं, बाजूला वाळूची बादली. स्टोव्ह विहिरीच्या कट्ट्यावर, वारा गोडाऊनकडं जात असेल तर तोही पेटवायचा नाही. मग त्या दिवशी सुमन माझ्याकडं येऊन भाकऱ्या थापायची. आणि गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही. तो गार होईपर्यंत सुमन त्याच्यासमोर बसून राहायची, तान्ह्या पोराची झोप राखावी तशी.

एकदा मी म्हटलं, "अगं, झाला असेल गार. किती वेळ बघत बसशील?"

"ताई, तुमच्या घराला मागचं दार आहे. पळायला."

मीही तिच्याशेजारी बसले.

* * *

रोज सकाळी दादू धंद्यावर निघाला की सुमन गाडीतला संसार माझ्या ओट्यावर उतरवायची. वळकटी, डबे, तवा, पातेली. संध्याकाळी परत चढवायची. एक दिवस घाईत भांड्यांचं एक गाठोडं पुढच्या सीटखाली तसंच राहिलं.

ठाण्याहून एक कुटुंब वज्रेश्वरीला न्यायचं होतं. जरा खड्डा आला की खण्ण! ब्रेक मारला की खड्डड खण्ण! मागं बसलेले गृहस्थ घाबरले. "ड्रायव्हर, गिअरबॉक्स गेला वाटतं." शेजारी त्यांच्या मंडळी. त्या म्हणाल्या, "आणि ही सीट मधोमध टोचते हो, खाली काय आहे?"

"स्प्रिंग आहे, ताई. जुनी गाडी," दादू म्हणाला.

वाटेत काल्हेरला त्या गृहस्थांनी गाडी थांबवायलाच लावली. मेकॅनिक बोलावला. तो गाडीखाली गेला, वर आला, बॉनेट उघडलं, बंद केलं. मग पुढच्या सीटखाली हात घातला आणि आधी तवा काढला, मग झारा, मग उलथणं. तिन्ही वस्तू बॉनेटवर ओळीनं मांडल्या आणि म्हणाला, "साहेब, पार्ट सगळे ओरिजनल आहेत. पण हे मॉडेल मी पहिल्यांदा बघतोय."

त्या बाईंना एवढं हसू आलं की वज्रेश्वरीला पोचेपर्यंत थांबेना. परतताना त्यांनीच विचारलं, "दादू, तुम्ही घरी काय जेवणार आता? तवा तर इथं."

दादू म्हणाला, "ताई, घर पण इथंच आहे की."

मग मात्र बाई हसल्या नाहीत. उतरताना प्रसादाचा अख्खा पुडा सुमनसाठी ठेवून गेल्या.

* * *

थंडीत सुमनचा भाऊ बाळू गावाहून आला. वज्रेश्वरीच्या पलीकडचं गाव. आल्या आल्या कुडकुडायला लागला. "तुमच्या भिवंडीत पन थंडी हाय?" म्हणाला. सुमन माझ्याकडं भाजी चिरत बसलेली. दादू हातपाय धुवायला विहिरीवर. तेवढ्यात या पाव्हण्यानं काय करावं? माझ्या ओट्यावरची कोळशाची शेगडी उचलली, गाडीत ठेवली, सगळ्या काचा वर केल्या आणि गुडघे शेकत बसला!

कोळशावर राख धरलेली, ज्वाळ नाही, धूर नाही. त्याला वाटलं, यात काय वाईट?

दादू परत आला तर काचेला वाफ धरलेली आणि बाळूची मान कलंडलेली. मी पहिल्यांदाच दादूला ओरडताना ऐकलं. त्यानं चारी दारं उघडली, बाळूला काखेत धरून बाहेर ओढला. मी फळीवर ठेवून शेगडी बाहेर काढली, वर वाळूची बादली ओतली. बाळूनं आधी ओकारी काढली, मग डोळे उघडले.

"डोकं लय दुखतंय. झोप आल्यावानी झालं होतं."

दादू म्हणाला, "मेव्हणे, ती झोप न्हवती. घराला फटी असतात, कौलं असतात. गाडीला फट नसते. निखारा सगळी हवा खाऊन टाकतो."

बाळूनं डोकं चोळलं. मग म्हणाला, "मंग तुमी रातचं झोपता कसं?"

"काच चार बोटं खाली ठेवून."

"डास येत न्हाय?"

"येतात. त्यांच्याकडून भाडं घेत नाही."

बाळू हसला, तेव्हा सुमनचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती मला हळूच म्हणाली, "ताई, हे कोणाला बोलू नका. हाजीसाहेबांच्या कानावर गेलं, तर गाडीत विस्तव होता एवढंच ऐकू जाईल." सांगते, हा एकच किस्सा मी तेव्हा कोणालाही सांगितला नाही. माझ्यासाठी ते किती कठीण, ते आमच्या ह्यांना विचारा.

* * *

सुमन तशी मऊ बाई. पण एकदा तिचा अवतार बघितला. ती विहिरीवर स्टोव्हमध्ये रॉकेल भरत होती, आणि हाजीसाहेब स्वतः बिडी ओढत गप्पा मारायला आले. "काय सुमन, आज काय बोंबील?"

सुमननं नरसाळं खाली ठेवलं, उठली, सरळ त्यांच्या बोटांतली बिडी काढून घेतली आणि वाळूच्या बादलीत खोचली.

मुकादम रामसजीवन मागं उभा होता. त्याचा जबडाच पडला. लूमवर पाच-पंचवीस माणसं, एकाची छाती नव्हती हाजीसाहेबांपुढं मोठ्यानं खोकायची!

हाजीसाहेबांनी बोटांकडं बघितलं. "कंपाउंड कोणाचं आहे? तुझं की माझं?"

"कंपाउंड तुमचं," सुमन म्हणाली, "पण रॉकेल माझं. आणि शर्त पण तुमचीच."

हाजीसाहेब वळले. गेटपर्यंत जाऊन मुकादमाला म्हणाले, "गोडाऊनला असा वॉचमन पायजे."

* * *

आता ती नळावरची गोष्ट.

काल्हेरच्या बाजूला एका गोडाऊनला आग लागल्याची बातमी त्याच दिवशी आली. हाजीसाहेब आधीच घाबरलेले, त्यात आळीतून दोन सिलिंडर त्यांच्या कानावर. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुकादमाला घेऊन गाडीपाशी आले. गाडी नेमकी उभीच होती. सगळी चाळ बाहेर. मी सगळ्यात पुढं, हे वेगळं सांगायला नको.

"दादू, मागची सीट उचल."

दादू हलेना. "हाजीसाहेब, त्यात काही नाही हो."

"काय नाय तर उचल."

दादूनं सुमनकडं बघितलं. सुमननं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आज यांचं बिऱ्हाड रस्त्यावर. मागून बिल्कीस कुजबुजली, "काकी, मी फक्त चमकताना बघितलं होतं. सिलिंडर मी बोललेच नव्हते."

मुकादमानंच दादूला बाजूला सारून सीट उचलली. खाली एक जरीची साडी, घडी घालून कशाभोवती तरी गुंडाळलेली. त्यानं साडी सोडली.

आत गॅसची शेगडी होती. दोन बर्नरची, स्टीलची, कोरी करकरीत. रबरी नळीची गुंडाळी, आणि एक लायटर. सिलिंडर नव्हता. पेट्रोल नव्हतं. काहीच नव्हतं.

"हे काय?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"शेगडी," सुमन म्हणाली.

"ते दिसतंय मला. गॅस कुठाय?"

"खोली होती तेव्हा नंबर लावला होता. चार वर्षांनी लागला. माणूस सिलिंडर घेऊन आला तोवर खोलीच नव्हती. परत गेला. म्हणाला, पत्ता झाला की कळवा." तिनं पदरानं शेगडीवरचं तूस पुसलं. "शेगडी आधीच घेऊन ठेवली होती. कुठं ठेवणार? बाहेर गंजेल."

 लूमचा खडखडाट तेवढा चालू. रामसजीवनला ती शांतता सोसेना बहुतेक. त्यानं उगाच लायटर उचलला, उलटासुलटा केला आणि दाबला.

टिक!

एवढीशी निळी ठिणगी. आम्ही सगळ्यांनी बघितली. गाडीतच पडली.

रामसजीवननं लायटर विंचवासारखा टाकला. "मालिक, गलती से!"

हाजीसाहेब ताठ झाले. "दादू, शर्त काय होती?"

दादू म्हणाला, "गाडीत ठिणगी पडली तर…"

"तर?"

"गाडी बाहेर."

"मग? काढ गाडी बाहेर."

मी म्हणणारच होते की अहो, ठिणगी तर तुमच्याच माणसानं पाडली. पण सुमननं माझा हात धरला. दादूनं खिशातून चावी काढली. सुमननं शेगडी परत साडीत गुंडाळली आणि सीटखाली ठेवायला वाकली.

"ती कुठं नेतेस?" हाजीसाहेब म्हणाले. "मी गाडी बाहेर म्हटलं. शेगडी बाहेर म्हटलं काय?"

सुमन तशीच वाकलेली राहिली.

हाजीसाहेब गेटजवळच्या वॉचमनच्या खोलीकडं वळले. "रामसजीवन, ती खोली उघड. बॉबिन काढ सगळे."

"बॉबिन निकालके रखूँ कहाँ, मालिक?"

"माझ्या डोक्यावर!"