चपलांचे चौदा जोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही, आणि तिच्यापाशी तर माझ्या पोटात काही म्हणता काही टिकत नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. येत्या रविवारी यांचा वाढदिवस आहे, म्हणून असेल.

वाढदिवस म्हणजे जन्माचा नव्हे बरं का. दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगमध्ये दारू सुटल्याची तारीख वाढदिवस म्हणून करतात. केक आणतात, घरच्यांना बोलावतात. आमच्या यांचा हा चौथा. लोक म्हणतील, बाईनं पेढे वाटावेत! आणि मी आठ दिवसांपासून कॅलेंडरकडं बघायचं टाळतेय.

कुठून सुरू करू? औरंगपुऱ्यात यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कुणाची पाण्याची मोटार जळाली की लोक यांच्याकडंच यायचे. तांब्याची तार नुसती बोटांवर खेळायची — आणि दुपारनंतर तोच हात बाटलीकडं जायचा. मी काय गप्प बसणारी नव्हते. भांडी आपटायचे, माहेरी जायची धमकी द्यायचे, लई बोलायचे. माणूस खाली मान घालून ऐकायचा आणि प्यायचा.

एका रविवारी सकाळी, शुद्धीत असताना, यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. कुण्या गिऱ्हाइकानं त्यांना दिलेली. त्यावर या मीटिंगचा पत्ता — उस्मानपुऱ्यातली एक शाळा, दर रविवारी अकरा वाजता. म्हणाले, "मला जायची भीती वाटती गं. तू आधी बघून ये. तू चल म्हणलीस की येतो."

पंचवीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं माझ्याकडं तोंडानं मागितलं ते एवढंच.

गेले मी. रिक्षा करून गेले. शाळेचं गेट उघडं होतं. एका वर्गाबाहेर चपलांचे जोड होते — मी मोजले, चौदा. आत कुणीतरी बोलत होतं, मध्येच सगळे हसले. दारुडे असे हसतात होय, असं वाटून मला जरा धीर आला. पाऊल उचललं, तेवढ्यात दारात एक माणूस आला, हातात चहाची किटली. आणि उचललेलं पाऊल मी मागं घेतलं.

आमच्या पोरीला तेव्हा खुलताबादचं एक स्थळ आलं होतं. हा मुलाचा मामा! आठच दिवसांमागं आमच्या घरी पोहे खाऊन गेलेला. त्यानं मला बघितलं. मी पदर डोक्यावर ओढला आणि पळाले.

तुम्ही म्हणाल — अगं बाई, तो तरी तिथं कशाला आला होता? सत्यनारायणाला? तोही त्यातलाच ना! पण हे मला पुढं कितीतरी दिवसांनी सुचलं. त्या घडीला डोक्यात एकच — आता सगळीकडं होणार, पोरीचं स्थळ गेलं.

घरी आले तर हे वाट बघत बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. अजून एक थेंब घेतला नव्हता. आणि मी — मी म्हणाले, "ती मीटिंग बंद पडलीय. कुणी नाय तिथं."

"व्हय?" एवढंच म्हणाले. शर्ट काढून खुंटीला लावला.

ते स्थळ पुढं तसंही फिसकटलं. पत्रिका जुळेना. पण मी काही बोलले नाही. रोज वाटायचं, आज सांगू — मग वाटायचं, आता कोणत्या तोंडानं? हे आणखी दोन वर्षं प्यायले. दुसऱ्या वर्षी दुकानात, नशेत, ग्राइंडरवर उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मीटिंगवाल्यांना बोलावलं. यांच्या खाटेशी येऊन बसला तो मामाच. मला हात जोडले, "नमस्कार वहिनी." बस. त्यांच्यात नेमच आहे, तिथं कोण दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. मी आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, तरी त्यानं तो माझ्यासाठी पाळला. तो गेल्यावर यांनी विचारलं, "तू तर बंद पडली म्हणली होतीस?" मी म्हणाले, "परत सुरू झाली असंल." दवाखान्यातून सुटल्यावर हे मामाबरोबर तिथं जायला लागले, आणि दारू सुटली.

आता दर वाढदिवसाला हे उभे राहून सांगतात — "माझ्या बायकोनं ही जागा आधीच शोधली होती. माझंच नशीब, तेव्हा मीटिंग बंद होती." समोर कुणी दारू सोडून दहा वर्षं झालेला बसलेला असतो, कुणी बारा वर्षं झालेला, त्याच वर्गात रविवारच्या रविवार आलेला. कुणी चकार शब्द काढत नाही. मामा चहाच्या कपात बघत बसतो. आणि हे? कुठल्या मोटारीला तारेचे किती वेढे हे ज्याला तोंडपाठ, त्याला एवढं उमगत नसेल? मागल्या वर्षी ते वाक्य बोलून झाल्यावर हे माझ्याकडं बघतच राहिले. माफ करत होते, की मी बोलायची वाट बघत होते? विचारायची छाती होत नाही. भीती वाटते, लई भीती वाटते.

बोटं दारूनं गेली असं सगळे म्हणतात. माझ्या खोट्यानं गेली. मीटिंग चालू होती.

रविवारी हे परत उभे राहतील, परत तेच सांगतील. मग उरलेल्या तीन बोटांत केकचा तुकडा धरून पहिला घास मला भरवतील. मी तोंड उघडीन, ते तेवढ्यापुरतंच.