माय माझ्या दारातून माघारी गेली

माझी माय गेटाच्या भायेर, नालीच्या कडंला बसलती. भर उन्हात. चपला काढून मांडीखाली दाबलेल्या. आन आमची घरमालकीन, मी तिला काकू म्हनते, गेटाच्या आतून तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पानी ओतीत व्हती. लांबून. शितोडा उडू नये म्हनून दुसऱ्या हातानं साडी आवळून.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुपारचं जेवाया आलते. स्कुटी बंद करायचं बी सुधरलं न्हाई.

काकू मला पाहून हसली. "बरं झालं आलीस. बघ ना गं, ही बाई थेट माडीवर चढलती. मंग खाली येऊन मलाच इचारती, इथं जयभीमवाली पोरगी ऱ्हाती का, माझी लेक हाय. म्हनलं बाई, आमी तसले लोक ठेवतच न्हाई."

मायनं माझ्याकडं पाह्यलं. मंग काकूकडं. परत माझ्याकडं. एका दमात सगळं कळलं तिला.

"चुकलं माय माझं," ती काकूला म्हनली. "घर दुसरं आसंल."

गाठोडं डोक्यावर घेतलं आन चालाया लागली. माझ्या स्कुटीला घासून. माझ्याकडं न बघता.

थांबा. आदी मागचं सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल ही येडी पोरगी, दाराचं एवढं काय घेऊन बसली.

आमचं गाव शिरूर कासारकडं. बीडमधी नौकरी लागली तवा खोली शोधीत फिरले. पालीच्या रस्त्याला एक पक्की बी झालती. मालकानं गोड आवाजात इचारलं, "गावात कुठल्या अंगाला घर तुमचं?" मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिशी फोन आला, आमचे पाव्हनेच ऱ्हायला यायलेत. अजून एका ठिकानी तसंच. तिसऱ्या ठिकानी तर दारातूनच.

मंग ही खोली. आमचं आडनाव आमच्यात बी चालतं, त्यांच्यात बी. काकू आपली आपनच म्हनली, "म्हंजे आपल्यातलीच हायेस." मी गप बसले. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. करार केला, चावी घेतली.

खोली बरी हाय. दार उघडलं की आत एवढुसा पॅसेज. पांढरा चुना, लाइटीचा बोर्ड, एक खिळा. बास. पन जिना दारापुढूनच गच्चीवर जातो. काकू कपडे वाळू घालाया चढली की आत डोकावनार. भिंत बघनार. वाटायचं, ह्या मोकळ्या भिंतीवरूनच तिला वळखू येनार. देव न्हाई, तोरन न्हाई, मंग हे लोक कोन? खरं सांगते, मला झोप लागंना.

मंग मी बाजारात गेले. उंबऱ्याला लक्ष्मीची पावलं आनली, चिकटवायची. शुभ-लाभ आनलं. प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरन आनलं. शनवारी लिंबू-मिरची. आमच्या घरात ह्यातलं काही म्हंजे काहीच कधी लागलेलं न्हाई. आन बुद्धाची मूर्ती, जी मायनं नौकरी लागल्यावर दिलती, ती आत कपाटात. ओढनीत गुंडाळून.

काकू लई खूश. दाराचा फोटो काढून भिशीच्या ग्रुपवर टाकला. म्हनली, "दार पाहून कळतं गं घर कुनाचं ते."

मायला बी तेच कळलं ना! ती वर आली, पावलं पाह्यली, शुभ-लाभ पाह्यलं, आन वाटलं ही खोली माझ्या लेकीची असूच शकत न्हाई. माझंच दार पाहून ती माघारी उतरली.

आन आता रस्त्यानं चाललती. खोली वाचली व्हती माझी. मी नुस्तं गप ऱ्हायचं व्हतं. काकूचं पोरगं डोळ्यापुढं आलं, त्याची ती पुढाऱ्याचा फोटो लावलेली गाडी, त्याचे दोस्त.

"माय!" मी वरडले. आवाज फाटला.

काकू म्हनली, "कुनाला हाक मारायली?"

"माझी माय हाय ती."

"तुझी? म्हंजे तू..."

"हां. मी बी."

काकूनं हातातल्या तांब्याकडं पाह्यलं. आन तो गेटापाशी खाली ठेवला. आत न्हाई नेला. "फसवलंस की गं आमाला. दार तर कसलं सजविलतंस! थांब, पोराला फोन लावते."

मी पळत जाऊन मायचा दंड धरला. वर आनलं. चावी लावली. दार उघडलं तर माय भायेरच थांबली.

"ह्या पावलांवर पाय कसा देऊ?"

"दे. स्टिकर हाय नुस्तं."

"न्हाई गं. कुनाची तरी लक्षुमी हाय ती."

मी आतून उलथनं आनलं. खाली बसून पावलं खरडाया लागले.

"काढू नगं," माय म्हनली. "खोली जाईल. मी जाते, जीप मिळंल मला."

"न्हाई."

"मंग लावलंस कावून?"

"भ्याले व्हते."

"आन आता?"

"आता बी भेतेय."

मायनं गाठोडं सोडलं. ज्वारीच्या पिठाखाली एक कापडाचं तोरन निघालं. एकदा फोनवर मी म्हनलते, माय मी दार सजवलं; कशानं ते सांगितलं न्हवतं. तर तिनं जुन्या लुगड्यांचे काठ कापून शिवलतं. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, भगवा. पंचशीलाच्या झेंड्याचे रंग.

"मला बी भ्या वाटायलंय," ती म्हनली. "भेत भेत लाव."

पॅसेजच्या भिंतीला खिळा एकच व्हता. दुसऱ्या बाजूला बोर्डाच्या स्क्रूला बांधलं. वाकडं झालं.

मी परत पावलं खरडाया बसले. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. काकूचं पोरगं. खालच्या पायरीवरच थांबलं.

"संध्याकाळपस्तोर खोली मोकळी कर."

"करार हाय. संपेपस्तोर जानार न्हाई."

"कायदा शिकवायली का? आन हातात काय हाय ते?"

"उलथनं. पावलं खरडायली."

"बघतो कशी ऱ्हाती ते."

गेलं. थोड्या वेळानं नळाचं पानी गेलं. अजून आलेलं न्हाई.

आता संध्याकाळ व्हायलीय. मी पॅसेजमधी बसून हे भरभर लिहितेय, चुका आसतील, आसू द्या. मूर्ती कपाटातून काढून स्टुलावर ठेवली, दारातून दिसंल अशी. उंबऱ्यावर गोंदाचे डाग ऱ्हायलेत, पावलांच्या आकाराचे. ते काही निघंनात. जिन्यात कुनाचाबी पाय वाजला की छातीत धस्स व्हतंय. ते उद्या बी व्हनार. परवा बी.

पन दार लावनार न्हाई मी. ह्याच खोलीत ऱ्हानार, करार संपेपस्तोर. आन पुढली खोली बघाया जाईन तवा आडनावाच्या आदीच सांगीन मी कोन ते. न्हाई दिली तर न्हाई.

मायनं चपला गुमान उचलून आत कोपऱ्यात लपविल्या व्हत्या. मी त्या परत भायेर नेल्या. दारापुढं, मधोमध ठेवल्या. काकू वाळलेले कपडे काढाया गच्चीवर जाईल. तिला त्या ओलांडूनच जावं लागंल.