मोठ्यांची कट्टी

सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचं जोडपं भेटलं. आई एका कोपऱ्यात, बाबा दुसऱ्यात, दोघांची डोकी मोबाइलमध्ये. मधे त्यांची मीरा, शाळेच्या गणवेशात, दप्तराचे पट्टे दोन्ही मुठींत घट्ट धरून.

तिने एकदम विचारलं, "आई, तुमची कट्टी माझ्यामुळे झाली का?"

मी उगाच मजल्यांचे आकडे बघत राहिलो. मुलांच्या कट्टीला करंगळी लागते, बट्टीला दोन बोटं. मधल्या सुट्टीत दोन्ही उरकतात. आम्ही मोठी माणसं कट्टी कबूलच करत नाही. "काही नाही झालं" म्हणतो आणि चहाचे कप आपटतो. मग मूल एकटंच कारण शोधत बसतं आणि शेवटी स्वतःलाच दोषी धरतं: गणितात मार्क कमी पडले म्हणून, दूध सांडलं म्हणून.

आई खाली वाकली. "नाही गं राणी. भांडण आमचं आहे. तुझ्यामुळे नाही."

"अजिबात नाही," बाबाही म्हणाला.

ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीतच. बट्टी काही झाली नाही. पण तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा मीराने दप्तर उतरवून बाबाकडे दिलं आणि मोकळ्या हाताने आईचं बोट धरलं.