मी नुसतं ‘खाली’ म्हणालो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ, मंदाजवळ तर नाहीच — आणि डोळा तिचाच गेला.

माझ्याकडे पंपाचं छऱ्याचं पिस्तूल होतं. पुढची मूठ उघडून मिटली की आत हवा दाबली जाते, मग छर्रा घालायचा, चाप ओढायचा. देऊळघाटच्या शेतात डब्यांवर नेम धरून धरून मी स्वतःला मोठा उस्ताद समजायला लागलो होतो. मंदाचा धाकटा भाऊ विलास आला की त्याला धडे — खांदा सैल ठेव, श्वास अर्धा सोडून थांब, नेम लागल्याशिवाय बोट चापावर नको. आणि पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना आधी उघडून बघायचं, आत छर्रा नाही ना. हे तर मी बजावून सांगायचो. उस्ताद ना मी!

त्या दिवशी मी पंप मारला, छर्रा घातला आणि तेवढ्यात फोन आला. पिस्तूल बाजेवर ठेवून बोलत राहिलो. परत आलो तर विलासने हात पुढे केलेला. छर्रा उडवला होता की आतच आहे? — मनात आलं होतं, नक्की आलं होतं. पण मेहुण्यासमोर आपणच गोंधळलोय असं दाखवायचं? “घे, खाली,” म्हणालो आणि दिलं.

आमच्याकडे रिकाम्यालाही खालीच म्हणतात. मला तेच म्हणायचं होतं, विलासनेही तेच ऐकलं. त्याने पिस्तूल उचलून नुसता नेम धरला, चाप ओढला — आणि नेमकी त्याच क्षणी मंदा चहा घेऊन गोठ्याआडून समोर आली.

दवाखान्यात सासऱ्यांनी विचारलं, “काऊन झालं असं?” माझी जीभ किती पटकन वळली! “मी त्याले खाली धर म्हटलं होतं, जमिनीकडे.” शब्द तर तोच होता ना, मग खोटं कुठे बोललो? — अशी मी मनाची समजूत घालत होतो. खोटंच होतं ते. विलास माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “हाव, भाऊजी खाली म्हन्ले होते. मीच गलत समजलो.”

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या कानांवर नाही. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

पिस्तूल मी विहिरीत टाकलं. सगळे म्हणाले, जावयाने किती मनाला लावून घेतलं.

विलास दर भाऊबीजेला येतो, पाटावर बसतो. मंदा मान जरा वळवून, एका डोळ्याने अंदाज घेत त्याला ओवाळते. “वर पाह्य ना विलास, मी कधी तुह्यावर राग धरला का?” दरवर्षी म्हणते. तो मान वर करत नाही. मी शेजारीच उभा असतो, आणि मीच काहीतरी बोलून विषय बदलतो.

यंदाही बदलला.