मखमलचा हात

सलूनमध्ये खुर्च्या दोन. एक थोरल्या भावाची, एक धाकट्याची. गिऱ्हाईक मात्र धाकट्यासाठी ताटकळत बसायचं. त्याचा हात इतका हलका, की दाढी करून घेता घेता माणसं चक्क घोरायला लागायची. म्हणून सगळे त्याला मखमल म्हणत. थोरला हसायचा, पण रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून पेपर चाळणं त्याच्या जिवावर यायचं, हेही खरं.

एकदा थोरल्याच्या घरी दोघा भावांच्या कुटुंबांचं जेवण होतं. कोंबडी त्यानेच भाजली, वरून खरपूस आणि आतून कच्ची. वहिनी म्हणत होती, अजून शिजू दे. पण पोटात कावळे ओरडत असताना ऐकतो कोण? दोन दिवसांनी घरादाराला जुलाब लागले. आठवडाभरात सगळे खडखडीत बरे झाले आणि संडासापुढच्या रांगेची थट्टाही करून झाली.

मग मखमलच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. दिवसभर उभं राहून पाय अवघडले असतील, असं म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या कानापाशी वस्तरा बोटांतून निसटला. बारीकसा ओरखडा, तुरटी फिरवली तसं रक्त थांबलं. बोभाटा मात्र थांबला नाही. त्याच रात्री त्याला उचलून इस्पितळात न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी जीबीएस असं नाव सांगितलं. कच्च्या कोंबडीतून जंतू पोटात गेले, त्यांना मारायला शरीराने फौज उभी केली. पण त्या जंतूंचं आवरण नसांसारखंच दिसतं. फौज फसली आणि नसांवरच तुटून पडली. जुलाब झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे येतं, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असंही त्या म्हणाल्या. थोरला खाटेशेजारीच उभा होता. त्याने सगळं नीट ऐकलं.

हात परत यायला कित्येक महिने गेले. बायको फुगे फुगवून द्यायची. मखमल त्यांना फेस लावून वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. सुरुवातीला फुगे फटाफट फुटायचे आणि ती दचकायची. पुढे पुढे तिने दचकणंच सोडून दिलं. शेवटी एकही फुटेना, तेव्हा मखमल सलूनवर गेला.

त्याच्या खुर्चीपाशी पगारी कारागीर उभा होता. थोरल्याने सांगितलं, तू मशीनने पोरांचे केस काप, दाढीचं नाव काढू नकोस. लोक घाबरतात, म्हणे रोग लागेल.

"लागत नाही, हे तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"कोणाकोणाला सांगत बसू?"

मखमल म्हणाला, "लोकांचं राहू दे. दादा, तू बस."

कारागिरासमोर नाही म्हणणं थोरल्याला जमेना. तो बसला. मखमलने फेस लावला, नवी पाती घातली आणि डाव्या गालावरची दाढी पूर्वीसारखीच अलगद उतरवली. कुठे खरचटलं नाही, केसही राहिला नाही. वस्तरा गळ्याशी आला तसा थोरल्याने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "उगाच कशाला?"

मखमलला तोंडात मारल्यासारखं झालं. इस्पितळात पापण्यासुद्धा नीट मिटत नव्हत्या, तेव्हाही त्याला इतकं परकं वाटलं नव्हतं.

थोरला अर्ध्या फेसानिशी उठला, दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला आणि उरलेली दाढी त्याने कारागिराकडून करून घेतली.